स्थूलता, रक्तलक्षणे आणि मधुमेहाचे भाकीत

१

कोणत्याही भाकिताची परीक्षा करताना ते किती वेळा खरे ठरले एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाविषयी केले गेले आणि त्यातून कोण वगळले गेले, हेही पाहावे लागते. स्थूल व्यक्तींच्या रक्तातील काही द्रव्ये मोजून त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव वर्तविण्याचा प्रयत्न गेल्या काही दशकांत मोठ्या नेटाने चालला आहे. या दृष्टीने त्याकडे पाहिले असता त्याचे यश आणि त्याची उणीव ही दोन्ही एकाच मुळातून निघालेली दिसतात. ते मूळ म्हणजे ‘स्थूल’ या संज्ञेची व्याख्या.

यशाचे माप प्रथम प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून टी. जे. वँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात मानदंडासारखा आहे. पुढे मधुमेह झालेल्या १८९ व्यक्ती आणि वय, वजन व उपाशीपोटीची रक्तशर्करा यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या, परंतु निरोगी राहिलेल्या तितक्याच व्यक्ती यांच्या साठविलेल्या रक्ताची त्यांनी तुलना केली. आयसोल्युसिन, ल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन व फेनिलअॅलॅनिन या पाच अमिनो आम्लांचे प्रमाण पहिल्या गटात आधीपासूनच अधिक होते, आणि ही खूण रोग प्रकट होण्यापूर्वी बारा वर्षांपर्यंत ओळखता येत होती. सारख्या वजनाच्या दोन माणसांत जो भेद तराजूला दिसत नाही, तो रक्ताला दिसतो, हे या अभ्यासाने सिद्ध केले. त्यापूर्वी, २००९ साली, अनेक पाहण्यांच्या एकत्रित परीक्षणातून अॅडिपोनेक्टिन या चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या द्रव्याचे प्रमाण जितके अधिक तितका मधुमेहाचा संभव कमी, असे दिसून आले होते.

तथापि, त्याच फ्रेमिंगहॅमच्या पाहणीवर आधारलेला २००७ सालचा दुसरा निष्कर्ष विसरला जाऊ नये. उपाशीपोटीची शर्करा, रक्तदाब, रक्तातील चरबी, आईवडिलांचा मधुमेह आणि वजन या साध्या गोष्टींवरून केलेल्या भाकितात अधिक गुंतागुंतीच्या मोजमापांची भर घातल्याने फारशी सुधारणा झाली नाही. नवीन लक्षण रोगाशी संबद्ध असणे ही एक गोष्ट. जुन्या ज्ञानात त्याने भर घालणे ही दुसरी. या विषयावरील पुष्कळ लेखनात हे दोन दावे एकमेकांत मिसळून गेलेले आढळतात.

२

मूळ प्रश्न मात्र याच्या अलीकडचा आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक ३० किंवा अधिक असला म्हणजे माणूस स्थूल, ही जागतिक व्याख्या. रक्तलक्षणांची परीक्षा या उंबरठ्याच्या आत आलेल्यांचीच होते. परंतु मधुमेह हा उंबरठा मानतो काय?

याचे उत्तर महाराष्ट्रातूनच आले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन वैद्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे शेजारी शेजारी मांडली. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. या भेदाचे मूळ किती खोल आहे हे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या मातृपोषणाच्या अभ्यासाने दाखविले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. पुण्याच्या बालकांचे स्नायू व पोट यांची वाढ खुंटलेली, परंतु पाठीच्या त्वचेखालील चरबी मात्र बऱ्याच अंशी राखलेली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या बालकांशी केलेल्या तुलनेत नाळेच्या रक्तातील इन्शुलिनही पुण्याच्या बालकांत अधिक आढळले. म्हणजे ज्याला तराजू ‘कृश’ म्हणतो त्याच्या रक्तात स्थूलाची लक्षणे जन्मतःच असू शकतात.

भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली स्थूलतेची सीमा २५ वर आणली आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही जोडमर्यादा घातली. ही सुधारणा योग्यच होय. परंतु सीमा खाली आणल्याने तिच्या बाहेर कोणी उरत नाही, असे मात्र नव्हे.

३

ही उणीव केवळ तात्त्विक नाही, हे एखाद्या प्रत्यक्ष स्थळी उभे राहिल्यावाचून ध्यानात येत नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या मार्गावरचे कशेळे हे असे एक स्थळ. भीमाशंकरच्या डोंगराखालचा हा भातशेतीचा मुलूख. सभोवार ठाकर व कातकरी यांचे पाडे. पावसाळ्यात घरचे धान्य संपावे, सावकाराकडून दाणे उचलावेत आणि सुगीला ते वाढीने फेडावेत, हा येथील जुना क्रम. तो मोडावा म्हणूनच कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सेस या संस्थेने पाड्यांतून धान्यबँका उभारल्या. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. याच तालुक्यातून मुंबईची लोकलही धावते, आणि शहराचा आहार व बैठे काम तिच्याबरोबर आत येते. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार आणि नवी विपुलता यांची गाठ जेथे पडते, तेथेच कृश देहात मधुमेह रुजण्यास अनुकूल भूमी तयार होते, असा पुण्याच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. अशा ठिकाणी ‘आधी स्थूल शोधा, मग रक्त तपासा’ हा क्रम पाळला, तर ज्याला भाकिताची गरज आहे तोच दाराबाहेर राहील.

कुपोषणाशी निगडित मधुमेहाचा इतिहासही हेच सुचवितो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली त्याला वर्गीकरणात स्थान दिले आणि १९९९ साली ते काढून घेतले. वेल्लोर येथील कृश रुग्णांवरील २०२२ सालच्या अभ्यासाने त्यांचा विकार प्रामुख्याने इन्शुलिनच्या न्यूनतेचा असल्याचे दाखविले; आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. स्थूलांच्या रक्तात शोधलेली इन्शुलिन-प्रतिरोधाची लक्षणे अशा रुग्णाविषयी काय सांगणार?

४

दुसरा आक्षेप लक्षणांच्या अर्थाविषयी आहे. हिमोग्लोबिन ए-वन-सी हे आज सर्वाधिक प्रचारातले रक्तलक्षण, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था आणि ६.५ च्या पुढे मधुमेह. परंतु हे माप शर्करेचे तितकेच तांबड्या पेशीच्या आयुष्याचेही आहे. ती पेशी सुमारे १२० दिवस जगते, या गृहीतावर ते उभे आहे. लोहाच्या अभावाने होणाऱ्या पांडुरोगात हे प्रमाण शर्करा न वाढताही चढते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना पांडुरोग होता. उलट सिकलपेशीचा गुणधर्म असणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तींत हे प्रमाण त्याच शर्करेला सुमारे ०.३ टक्क्यांनी कमी येते, असे २०१७ साली दिसून आले. आणि पश्चिम भारतातील काही आदिवासी समाजांत हा गुणधर्म आहे. तेव्हा पाड्यावरची एक स्त्री नसलेल्या रोगाची धनी ठरेल, आणि दुसरीचा असलेला रोग झाकला जाईल.

तिसरा आक्षेप गणिताचा. समजा, एखादी कसोटी भावी रुग्णांपैकी ८० टक्के अचूक ओळखते आणि निरोगी राहणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांना अचूक वगळते. १००० स्थूल व्यक्तींपैकी ३०० जणांना पुढे मधुमेह होणार असेल, तर कसोटी २४० खरे व १४० खोटे इशारे देईल. तीच कसोटी ज्या वस्तीत ५० जणांनाच रोग होणार आहे तेथे नेली, तर खरे इशारे ४० आणि खोटे १९०. कसोटी बदलली नाही; वस्ती बदलली, आणि पाचांपैकी चार इशारे निरर्थक झाले.

५

मग रक्तलक्षणांचे संशोधन व्यर्थ काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के प्रौढ पूर्वावस्थेत आहेत. वेळीच सूचना मिळाल्यास उपाय होतो हेही सिद्ध आहे : रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या भारतीय प्रयोगात तीन वर्षांत मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण आहार व व्यायाम यांच्या योगे ५५ टक्क्यांवरून ३९.३ टक्क्यांवर आले. भाकिताचे मोल या उपायामुळेच आहे.

म्हणून आक्षेप लक्षणांवर नाही, क्रमावर आहे. चेन्नईच्या मोहन व सहकाऱ्यांनी २००५ साली सिद्ध केलेली गुणांकपद्धती वय, कमरेचा घेर, श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह एवढेच विचारते; तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. अशी चाळणी आधी, रक्तशर्करेची परीक्षा नंतर, आणि नवी लक्षणे जेथे शंका उरेल तेथे, हा क्रम अधिक न्याय्य होय. मात्र ही चाळणीही शहरात तयार झालेली आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या कृश माणसाला ती घेराचे आणि श्रमाचे गुण शून्यच देईल. म्हणून जन्मवजन, बालपणीचे पोषण आणि पांडुरोग यांची नोंद तिच्यासोबत घेणे अगत्याचे ठरते. ज्या समाजात भाकीत वापरावयाचे, त्या समाजातील माणसांवरच ते पारखलेले असावे, एवढी साधी अट पाळली गेली नाही, तर प्रयोगशाळेतील अचूक आकडा कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत अचूक राहत नाही.