टक्के तेच, पण कशाचे?

नगररचनेचा कायदा अभ्यासायला घेतला तेव्हा माझी समजूत अशी होती, की शहराचे भवितव्य नकाशावरच्या रंगांत ठरते. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने ती समजूत मोडली. तिथे भवितव्य ठरले ते ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांत.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातल्या अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. आजारी वा बंद गिरण्यांच्या जमिनींवर दुसऱ्या वापराला परवानगी देताना 58 व्या नियमाने वाटणी आखली. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीसाठी 33 टक्के जमीन महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, 27 टक्के म्हाडाला घरांसाठी आणि 40 टक्के मालकाला. ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला गेला, तिचा काही भाग शहराकडे परत यावा, हा यामागचा न्याय.

2001 मध्ये हा नियम बदलला. टक्के जवळपास तसेच राहिले. बदलला तो पाया. शेड पाडल्यावर रिकामी होणारी जागा आता वाटणीत धरायची नव्हती. आधीपासून मोकळी असलेली तेवढीच धरायची. ढोबळ हिशेब करून पाहू. चार हेक्टरच्या गिरणीत तीन हेक्टरवर बांधकाम असेल, तर संपूर्ण जमिनीवर महापालिकेचा वाटा 1.32 हेक्टर होतो; नुसत्या मोकळ्या जमिनीवर 0.33. म्हणजे थेट पाव. गिरण्या तर दाटीवाटीने बांधलेल्या.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन तृतीयांशाच्या आसपास जमीन सोडावी लागणार म्हणून मालक पुढे येत नव्हते, जमिनी पडून होत्या आणि कामगारांची देणी अडली होती. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. पण मग मालकाचा वाटा 40 वरून 60 टक्के करतो, असे उघड सांगता आले असते. त्यावर लोकांना भांडता आले असते. व्याख्येशी भांडायला आधी ती सापडावी लागते.

प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून 2001 चा बदल वैध ठरवला. 1966 च्या नगररचना अधिनियमाचे कलम 37 मंजूर आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणाऱ्या फेरबदलाला मुभा देते, आणि हा बदल त्याच वाटेने आला होता. माझा आक्षेप इथे आहे. शहराचा वाटा इतका घटतो, तरी स्वरूप बदलत नाही, असे मानायचे असेल, तर ‘स्वरूप’ म्हणजे तरी काय?

आपल्याकडे हा विषय शिकवतात तो चटई क्षेत्राच्या गणितासारखा. सामासिक अंतरे, इमारतीची उंची, निर्देशांक हे सगळे पाठ होते. व्याख्यांचे पान मात्र उलटून पुढे जातात. मीही तेच केले होते. आता नवा आराखडा हाती आला, की मी नकाशा बाजूला ठेवतो आणि आधी व्याख्या वाचतो. लोअर परळच्या पुलावरून टोलेजंग इमारती पाहताना मैदान कुठे गेले असे कुणी विचारले, तर मला ते पान दाखवावेसे वाटते.