महाडचें भाषण आणि ‘अनादि वहिवाट’

ता. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड (तेव्हांचा कुलाबा, आतांचा रायगड जिल्हा) येथील सत्याग्रह परिषदेंत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं केलेलें अध्यक्षीय भाषण नांवानें सर्वांस ठाऊक आहे; परंतु तें ज्या कागदांच्या मालिकेंत बसतें तिच्यासह वाचणारे विरळा. ऐतिहासिक लेखास आपण जी कसोटी लावितों तीच या भाषणास लावून पाहावी, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. महाडास त्या सालीं दोन परिषदा झाल्या. चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें तें पहिल्या परिषदेच्या वेळीं, ता. २० मार्च रोजीं. डिसेंबरच्या परिषदेंत मनुस्मृतीचें दहन झालें. पण दिवाणी कोर्टानें ता. १४ डिसेंबर रोजीं दिलेल्या तात्पुरत्या मनाईमुळें तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करण्यांत आला. प्रस्तुत भाषण या दुसऱ्या परिषदेंतील होय.

आतां आधींचे कागद. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलानें ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें खुलें केलें, आणि मार्चच्या दंग्यानंतर ऑगस्ट १९२७ मध्यें तोच ठराव फिरविला. म्हणजे हक्क कागदावर आला आणि कागदावरूनच गेला. म्हणून भाषणाचा मुख्य सिद्धांत पाण्याविषयीं नाहीं. तहान भागविणें हा हेतु नसून समतेची प्रतिष्ठापना हा आहे, आणि नुसती स्पर्शबंदी उठून बेटीबंदी राहिली तर अस्पृश्यतेचें मूळ कायम राहील, असें वक्त्याचें प्रतिपादन आहे.

भाषणांतील एक स्थळ आम्हांस दुबळें वाटतें. परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशीं केली आहे. त्या सभेनें मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. पण फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी १७९४ पर्यंत राहिली, आणि स्त्रियांस राजकीय हक्क मिळाले नाहींत. जाहीरनामा व आचरण यांतील या अंतरावर भर दिला असता तर तुलना महाडच्याच अनुभवाशीं अधिक जुळली असती.

संशोधकांनीं विशेष लक्ष द्यावें असा भाग पुढचा आहे. तळ्यावर केवळ स्पृश्यांची अनादि वहिवाट आहे, असा वादींचा दावा होता. अशी वहिवाट शाबीत झाली नाहीं, असा निकाल मुंबई हायकोर्टानें ता. १७ मार्च १९३७ रोजीं दिला. जुनेपणाचा नुसता उच्चार हा पुरावा नव्हे, हें आपल्या शास्त्राचें पहिलें सूत्र तेथें मान्य झालें. परंतु भाषणाचा युक्तिवाद याहून पुढें जातो. त्याप्रमाणें वहिवाट शाबीत झाली असती, तरी ती न्याय्य ठरली नसती.

आम्ही मालाडांत बसून हें लिहीत आहों, आणि येथें तोच प्रश्न उलटा होऊन समोर येतो. मालवणीसारख्या भागांतील झोपडवस्त्यांस पाणी मागतांना ठराविक तारखेपूर्वींच्या वास्तव्याचा कागद दाखवावा लागे. पाणी हक्क समितीच्या अर्जावर मुंबई हायकोर्टानें ता. १५ डिसेंबर २०१४ रोजीं ठरविलें कीं, ता. १ जानेवारी २००० नंतरच्या वस्त्यांसही पाणी अजिबात नाकारतां येणार नाहीं. कारण तें जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मात्र कायदेशीर इमारतींतील रहिवाशांच्या बरोबरीनें पुरवठा मागण्याचा हक्क त्यांस नाहीं, असेंही त्यांत म्हटलें आहे. जातीची बंदी आणि वस्तीची बेकायदेशीरता या गोष्टी एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. तथापि पाणी मान्य, बरोबरी अमान्य, या जागीं महाडच्या भाषणानें घातलेला प्रश्न अजून उभा आहे.

जुना कागद जपणें हा आपला धर्म आहे. परंतु जुना कागद नाहीं म्हणून माणसाचा हक्क नाहीं, असें आपल्या शास्त्राच्या आधारें कोणीं ठरवूं नये. महाडच्या परिषदांचीं हस्तपत्रकें, नगरपालिकेच्या ठरावांच्या नकला किंवा ‘बहिष्कृत भारता’चे मूळ अंक ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांची यादी मंडळाकडे अवश्य धाडावी.