माती एकच, कुंभार दोन

मंडळी, मागच्या वेळी आपण कारणाच्या दोन प्रकारांपाशी थांबलो होतो. घड्याचं उपादान कारण माती, निमित्त कारण कुंभार. आज हाच भेद घेऊन आम्ही टेलिफोनच्या एका यंत्रणेची चिकित्सा करणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसानं या भानगडीत का पडावं? तर घडलेल्या गोष्टीला जबाबदार कोण, हा प्रश्न मुळात आमचाच आहे, म्हणून.

दोन कॉल घ्या. एक साधा, नंबर लावून केलेला, दुसरा व्हॉट्सॲपवरून. फोरजीवर दोन्हींची माती एकच. आवाजाचे आकडे होतात, त्यांची छोटी छोटी पाकिटं होतात आणि ती इंटरनेट प्रोटोकॉलनं जातात. मग फरक कशात? कुंभारात.

व्हॉट्सॲपचं पाकीट नेटवर्कच्या लेखी इतर पाकिटांसारखंच. गर्दी असली की तेही रांगेत. साध्या कॉलचं तसं नाही. फोन सुरू होताच आयपी मल्टिमीडिया सबसिस्टिम, म्हणजे आयएमएस, या यंत्रणेकडे आपली नोंद करतो. ती कंपनीच्या ग्राहकनोंदीत आपली ओळख पडताळते. नंबर लावला की निरोप तिच्या सर्व्हरमधून पुढं जातो आणि त्या संभाषणापुरती एक राखीव वाट उघडते. फोरजीच्या मानकात या वाटेवर विलंबाची मर्यादा 100 मिलिसेकंद आहे. नेहमीच्या डेटाच्या वाटेवर ती 300 आहे. एकीकडे वचन, दुसरीकडे निव्वळ प्रयत्न.

आता इतिहास बघा. 1984 साली सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. जे काम नीट फक्त दोन टोकांनाच करता येतं, ते मधल्या जाळ्यावर लादू नये, असं त्याचं सूत्र. इंटरनेट याच वृत्तीनं वाढलं. कॉल जुळवण्याची 'सिप' ही पद्धतही इंटरनेटवाल्यांचीच. मोबाइल मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीनं आयएमएससाठी तीच उचलली, पण ग्राहकाच्या कंपनीचा सर्व्हर मध्ये बसवला. कपडे इंटरनेटचे, जीव जुन्या एक्स्चेंजचा!

आमचा पहिला आक्षेप इथं आहे. नावात 'मल्टिमीडिया' असूनही या यंत्रणेच्या वाट्याला मुख्यतः आवाजच आला. व्हिडिओ, संदेश, गटातल्या गप्पा यांचा मोठा भाग ॲपनी नेला. कारण उघड आहे. मध्यभागी नवं काही करायचं तर कंपन्यांचे करार आणि मानकं जुळावी लागतात. टोकाला एक प्रोग्राम लिहिला की काम सुरू होतं.

पण थांबा, निकाल इतक्यात देऊ नका. व्हॉट्सॲपचा कॉल व्हॉट्सॲपवाल्यालाच लागतो. नंबर मात्र कुठल्याही कंपनीच्या सिमवरून कुठल्याही कंपनीच्या सिमला लागतो. मध्यरात्री कुणी 112 लावला, तर 'प्रयत्न केला' हे उत्तर पुरतं का? तिथं जबाब देणारा कुणीतरी लागतोच. टोकांच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणारे ही बाजू विसरतात.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली ती टूजी-थ्रीजीशिवाय. तिथं साधा कॉलसुद्धा आयएमएसवरच. 2018 साली केंद्रानं नेट न्यूट्रॅलिटीचं धोरण मान्य केलं, त्यात 'विशेष सेवां'ना सूट ठेवली. आता फाइव्हजीत एकाच नेटवर्कचे वेगवेगळे काप करून ते निरनिराळ्या कामांना देता येतात. म्हणजे राखीव वाटा वाढणार.

राखीव वाट हे पाप नव्हे. रुग्णवाहिकेला आपण रस्ता देतोच. पण रुग्णवाहिका कोणती, हे रस्त्याच्या मालकानं एकट्यानं ठरवायचं का? आमचं म्हणणं एवढंच: वाट राखायची तर तिचा निकष जाहीर असावा, तो सर्वांना सारखा लागू असावा, आणि उरलेल्यांचा रस्ता त्यापायी अरुंद होऊ नये. कुंभाराला त्याच्या कौशल्याचा मान जरूर द्यावा. म्हणून गावची माती त्याच्या नावावर करून देऊ नये.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.