कमोडची बैठक

नूतनीकरण झालेल्या बाथरूममध्ये सगळे टाइलचा रंग आणि नळांची चकाकी पाहतात. मी आधी कमोडच्या पायाशी वाकून पाहतो. जमीन उचलली असेल तर नक्कीच, कारण मिस्त्रीचा हात किती तयार आहे ते तिथेच कळतं.

पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायट्यांत जमीन उचलण्याची वेळ वारंवार येते. संडासाचा स्लॅब बाहेरच्या खोलीपेक्षा खाली सोडलेला असतो, तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर कोबा केलेला असतो. जुनी फरशी फोडली तर वॉटरप्रूफिंग दुखावतं, म्हणून टाइलवर टाइल लावतात. ॲडहेसिव्हवर लावली तर जमीन पंधरा-वीस मिलिमीटर चढते, मालावर लावली तर चाळीस-पन्नास. कमोड या नव्या जमिनीवर उभा राहतो आणि पाइपचं तोंड जुन्याच पातळीवर राहतं. बैठकीचं सगळं कसब या मधल्या अंतरात आहे.

हे अंतर सफेद सिमेंटने बुजवता येतं, आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं. वरून काम साफ दिसतं. पण कमोडची नळी पाइपात जेमतेम टेकलेली असते, आणि सिमेंटला लवचीकपणा नाही. माणूस बसतो-उठतो, कमोड केसभर हलतो, सांध्याला तडा जातो. मग प्रत्येक फ्लशचं थोडं पाणी कोब्यात मुरतं. विटांचे तुकडे ते स्पंजासारखे धरून ठेवतात आणि काही महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते. तोवर मिस्त्रीचा हिशोब मिटलेला असतो.

जाणता कारागीर पाइपलाच वर आणतो. जमिनीतून पाइप निघणाऱ्या एस-ट्रॅपच्या कमोडसाठी तो टाइल लागण्यापूर्वीच 110 मिलिमीटरच्या पीव्हीसीचा तुकडा जोडून तोंड नव्या फरशीच्या पातळीला घेतो. त्यात रबरी ओठांचा पॅन कनेक्टर बसवतो. सांधा पूर्ण खोलीपर्यंत पकड घेतो, शिवाय थोडा लवतोही. इथे त्याची आणखी एक दृष्टी दिसते. भिंतीवरही टाइलवर टाइल लागली असेल तर भिंत पुढे सरकते, आणि भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर कमी होतं. हे अंतर साधारण 220 किंवा 300 मिलिमीटर धरून कमोड बनतात. पंधरा मिलिमीटर कमी पडले तरी टाकी भिंतीला अडते. म्हणून तो नव्या भिंतीपासून मोजतो.

भिंतीत पाइप जाणाऱ्या पी-ट्रॅपमध्ये कमोडचं तोंड तयार फरशीपासून साधारण 180 मिलिमीटरवर असतं. जमीन चढली की कमोड चढतो आणि भिंतीतला पाइप खाली राहतो. पाणी उताराकडेच जातं, हे त्यातल्या त्यात बरं. पण साधा कनेक्टर वाकवून घुसवला तर रबराचा ओठ एका बाजूने उघडा राहतो. त्यासाठी ऑफसेट कनेक्टर मिळतो. अंतर त्याच्याही आवाक्याबाहेर गेलं तर भिंत फोडून पाइप वर घ्यावा लागतो, आणि खरा मिस्त्री ते मालकाला टाइल लावण्याआधी सांगतो.

यानंतरचा भाग मला सर्वांत आवडतो. न्हाणी ट्रॅपकडे पाणी जावं म्हणून फरशीला ढाळ हवा, आणि त्याच फरशीवर कमोड मात्र दोन्ही दिशांनी समपातळीत हवा. तो कलला की आतल्या वळणातलं पाणी एका बाजूला सरकतं. हे पाणीच गटाराचा वास अडवतं. त्याची खोली जेमतेम 50 मिलिमीटर. असं वळण असलेल्या ट्रॅपचं पेटंट 1775 मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. व्यवसायाने ते घड्याळजी होते, आणि मला त्यांच्या मोजमापाची शिस्त या वळणात दिसते. कारागीर आधी कमोड कोरडा ठेवून बघतो, पायाखाली प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या सरकवतो, कडेवर लेव्हल ठेवतो, खुणा करतो, उचलतो, मग भोकं पाडतो. स्क्रू दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आणि हाताच्या अंदाजाने आवळतो. जोर झाला तर चिनी मातीचा पाया तडकतो. कडेने सिलिकॉन भरताना मागे बोटभर जागा मोकळी सोडतो, म्हणजे सांधा कधी गळलाच तर पाणी आत न कोंडता बाहेर दिसेल. आपलं काम उद्या तपासता यावं म्हणून सोडलेली ती फट मला साऱ्या कामातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

शेवटी टाकीत नीळ टाकून चार-पाच वेळा फ्लश, आणि पायाभोवती कोरडा कागद.

घरात जमीन उचलणार असाल तर टाइल लागण्यापूर्वी कमोड घरी आणा, तो कोरडा बसवून बघायला सांगा, आणि त्या एका जास्तीच्या दिवसाची मजुरी घासाघीस न करता द्या.