ड्यू बॉइस यांचे आलेख : कौतुक कशाचे?

संख्याशास्त्रीय आलेखांच्या इतिहासात मानाची आसने पूर्वीच वाटली गेली आहेत. प्लेफेअर, नाइटिंगेल, नेपोलियनच्या रशियन स्वारीचा १८६९ चा आलेख काढणारा मिनार ही नावे पुस्तकांत हटकून भेटतात. विल्यम ड्यू बॉइस यांचे नाव या पंक्तीत शतकभर नव्हते. आता त्यांचा जयजयकार सुरू आहे. म्हणूनच हा जयजयकार कशाचा, हे तपासले पाहिजे.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन निग्रोंचे दालन होते. त्यासाठी अटलांटा विद्यापीठातील ड्यू बॉइस यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून साठच्या आसपास तक्ते शाई-रंगांनी हाताने काढले. दालनाच्या कामासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे ते तक्ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन पडले आणि २०१८ साली ग्रंथरूपाने एकत्र आले.

या तक्त्यांची तुलना नंतरच्या आधुनिक युरोपीय चित्रकलेशी करण्याची टूम निघाली आहे. रंग सुंदर, रचना धाडसी, असे म्हणून समीक्षक मोकळे होतात. पण ती रचना धाडसी का झाली? जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या १८९० च्या वस्तीचा तक्ता घ्या. दहा हजारांवरील शहरांत ७८,१३९ माणसे, खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. सरळ रेघेत ही खेडी कागदात मावत नाहीत, म्हणून लाल रेघ गुंडाळत जाते. कलावंताची ही लहर नव्हे. जी माणसे कोणाच्या हिशेबात नव्हती त्यांना कागदावर जागा करून देण्याची ती युक्ती आहे. दुसऱ्या तक्त्यात गुलामगिरीचा काळा डोंगर उभा आहे. त्यावर मुक्त माणसांची हिरवी पट्टी १७९० मध्ये आठ टक्के, १८६० मध्येही अकराच टक्के. आणि १८७० ला हिरवा रंग एकदम तळाशी कोसळतो, शंभर टक्के. सत्तर वर्षांत तीन टक्के! ‘हळूहळू सुधारणा होईलच’ म्हणणाऱ्या सर्व देशांतील शहाण्यांनी हा तक्ता पाहावा.

विद्वत्तेचा प्रभाव हल्ली कोणी किती वेळा हवाला दिला यावरून मोजतात. या मापाने ड्यू बॉइस यांचे तक्ते शतकभर शून्य ठरतील. पण हवाला देणारे कोण होते? १८९९ चा ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी त्यांनी घरोघर फिरून सिद्ध केला, तिथे हार्वर्डच्या या डॉक्टरला वर्गात शिकवू दिले नाही. अमेरिकन समाजशास्त्राचा पाया अटलांटात घातला गेला आणि श्रेय शिकागोला गेले, असे आल्डन मॉरिस यांनी २०१५ च्या ग्रंथात मांडले आहे. मापच ज्यांच्या हातात आहे त्यांच्या मापाने उतरलेले शून्य, हे शून्य मापणाऱ्याचे आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची माहिती मागितली होती. असला प्रभाव कोणत्या सूचीत नोंदवायचा?

तरीही भक्तिभावाने वाचू नये. या तक्त्यांत प्रगतीचा ओढा फार आहे. जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या घरगुती सामानाचे करआकारणीतील मूल्य १८७५ मधील २१,१८६ डॉलरवरून १८९९ मध्ये १४,३४,९७५ डॉलरवर जाते. हे खरे, अभिमानाचेही. पण त्याच १८९९ च्या एप्रिलमध्ये त्याच जॉर्जियात सॅम होज या शेतमजुराला जमावाने जिवंत जाळले. त्याचा रंग कोणता? दालनात जॉर्जियाच्या काळ्या कायद्यांचे हस्तलिखित खंड होते. तक्त्यांचा सूर मात्र पाहुण्यांपुढे घर आवरून ठेवावे तसा आहे. आयडा वेल्स यांनी १८९५ च्या ‘अ रेड रेकॉर्ड’मध्ये गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतले आकडे घेऊन झुंडबळींची यादी छापली होती. तिच्यात रंग नाहीत, वळणे नाहीत. पण ड्यू बॉइस यांच्या तक्त्यांशेजारी ती यादी ठेवल्याशिवाय ते पुरे वाचले जात नाहीत.

हे ड्यू बॉइस यांना कळत नव्हते असे नाही. होजच्या हत्येचा निषेध घेऊन ते वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत कळले की त्याच्या बोटांची हाडे एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते परत फिरले. माणसे अशी मारली जात असताना शांत, अलिप्त शास्त्रज्ञ राहता येत नाही, असे त्यांनी पुढे लिहिले. तरीही वर्षभराने त्यांनी पॅरिससाठी तक्ते काढले, आणि १९१० साली अटलांटा सोडून ‘द क्रायसिस’ हे मासिक काढायला घेतले.