राजवाड्याचे चार लाकडी मजले

सुदामा नगरात आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवायला मीच नेतो. तिथं कानावर पडतं ते ठरलेलं वाक्य: मराठा, मुघल आणि फ्रेंच शैलींचा संगम. चूक नाही, पण अपुरं. मी पडलो इंजिनिअर. माझी नजर सांध्यावर जाते. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. वर भार हलका, पण आगीला आयतं सरपण! १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेनं आधीचा वाडा जाळला. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला. आज तिथं दिसतं ते बरंचसं नव्यानं उभारलेलं, हे पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही. शैली मागाहून मोजा; जुनं कुठं संपतं ते आधी दाखवा की!