देवदूत, परी आणि मुलांची पुस्तके

मुलांसाठी लिहिलेल्या नाताळच्या कथांत देवदूत हमखास भेटतात. चित्रांत ते बहुधा गुबगुबीत, पंख असलेली बाळे असतात. मजकुरात त्यांची कधी कधी चक्क 'परी' झालेली दिसते. ख्रिस्ती शेजाऱ्यांसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून अशी पुस्तके वाचली जातात. म्हणूनच या ढिलाईकडे आम्हांला दुर्लक्ष करवत नाही.

हिब्रू 'मलाख' आणि ग्रीक 'आंगेलोस' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ निरोप्या. मराठी बायबलातील 'देवदूत' हा शब्द तो अर्थ नेमका पेलतो. दूताने स्वतःची मर्जी पुढे करायची नसते. धाडणाऱ्याचे म्हणणे पोचवायचे असते. अंगदाची शिष्टाई ऐकलेल्या मुलाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. परी मात्र कांडी फिरवून स्वतःच्या मर्जीने वर देते. शब्द पालटला की कथाही पालटते. मरीयेकडे आलेला गब्रीएल जादू करीत नाही. देवाचा निरोप सांगतो, तिच्या शंकेला उत्तर देतो आणि तिचा होकार ऐकून जातो.

चित्रांचेही तेच. ही गोंडस बाळे ग्रीक-रोमन कलेतील मदनबालकांच्या कुळातली. राफाएलने १५१२च्या सुमारास रंगविलेल्या 'सिस्टाइन मॅडोना'च्या तळाशी टेकलेली दोन बाळे तर शुभेच्छापत्रांवरून जगभर पोचली. बायबलात मात्र यशयाला दिसलेल्या सराफीमांना सहा पंख आहेत, आणि अब्राहामाच्या दारी वाटसरूंसारख्या आलेल्या तिघांच्या वर्णनात पंखांचा उल्लेखही नाही. बेथलेहेमच्या मेंढपाळांना देवदूत पाहून धडकी भरते. त्याला आधी त्यांचे भय घालवावे लागते. हे भय वगळले, तर पुढच्या आनंदवार्तेचे वजनही घटते.

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप मेलेले माणूस देवदूत होते, या विधानाला आहे. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे देवदूत ही देवाची निराळी, आत्मरूप निर्मिती आहे. माणूस मृत्यूनंतरही माणूसच राहतो. त्याची आशा पुनरुत्थानाची असते. धाकटे भावंड गमावलेल्या मुलाला 'ते देवदूत झाले' असे सांगण्यामागे माया असते, हे मान्य. पण त्या सांगण्याने ते भावंड त्याच्यापासून पुन्हा एकदा हिरावले जाते. ते 'आपले' उरत नाही.

पंथभेदही लपवू नयेत. राफाएल या देवदूताची कथा असलेला तोबीतचा ग्रंथ कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बायबलात नाही. मुलांना एवढा फरक सहज कळतो.

सोपे करणे आणि खोटे करणे यांतले अंतर आपल्या भाषेला नवे नाही. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यात ओवी आपली आहे, पुराणाची रीत आपली आहे, पण कथा ख्रिस्ताचीच राहिली आहे. आजच्या प्रकाशकांकडून आमची अपेक्षा माफक आहे. असे हस्तलिखित छापण्यापूर्वी ते एखाद्या जाणत्या ख्रिस्ती वाचकाकडून तपासून घ्यावे. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी मुलांना जे सांगायचे, ते शेजाऱ्यालाही ओळखू यावे.